बायजा नाव कोरलेली पायरी

मी एक जुना काळा दगड आहे. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. त्या अष्टमीच्या कडेला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची दफनभूमी आहे, तिथे मी उभा असतो. माझ्यावर एकच नाव आहे, बायजा. नावाखाली शके १८९७ आणि नावावर एक चंद्र, एक सूर्य. मित्रांनो, दगडाला काळीज नसतं असं मोठी माणसं सांगतात. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

मुळात मी थडग्यावरचा दगड नव्हतो, पायरी होतो. डोंगरातून फोडून, बैलगाडीत घालून मला आणलं आणि एका बेने इस्राएल घराच्या दारात बसवलं. त्या घरात तामार नवरी होऊन आली ती माझ्यावर पाय ठेवूनच. कागदावर आणि प्रार्थनेत ती तामार. पण शेजारच्या भातशेती करणाऱ्या बायांनी पहिल्याच वर्षी तिची बायजा करून टाकली आणि तिलाही ते नाव आवडलं. संध्याकाळी ती माझ्यावर बसून वाल सोलायची, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई दोन वाल सोलून, चार गोष्टी सांगून पुढे जायची. मला वाटायचं, आळीतली सगळ्यात महत्त्वाची जागा मीच.

तिची नात दीना पहिल्यांदा उभी राहिली ती माझी कड धरून. तो ओला, इवलासा तळवा मला अजून आठवतो. दीना दोन वर्षांची असताना तिचे आईबाप इस्रायलला जायला निघाले. लेकीने तामारचे पाय धरले, पण ती हलली नाही. नवरा शलोम इथल्या मातीत आहे, त्याच्यासाठी दिवा कोण लावणार, एवढंच ती म्हणत राहिली. हट्टात ती माझ्याही वरताण होती.

पुढची पंधरा-सोळा वर्षं तिने एकटीने काढली. एकटीने म्हणजे आळीसकट. शनिवारी ती धर्माप्रमाणे चूल पेटवत नसे, तेव्हा शेजारची सरू नावाची मुलगी तिला घरून चहा आणून द्यायची. तामार गेली तेव्हा पेणहून तिच्या समाजाचे बेंजामिन नावाचे गृहस्थ आणि आणखी काही जण आले. त्यांनी प्रार्थना केली, शलोमच्या शेजारी तिला माती दिली आणि ते परत गेले. त्या प्रार्थनेनंतर तामार हे नाव गावात कित्येक वर्षं कुणी उच्चारलं नाही.

वर्षभराने आळीने ठरवलं की बायजाला दगड हवा. आळीतला महिपती पाथरवट दळणाची जाती नि पाटे घडवायचा. ज्या पायरीवर ती बसायची तोच दगड घ्यायचा, असं म्हणून त्याने मला दारातून उपटलं. नाव काय घालू, असं त्याने विचारलं तेव्हा बाया एका सुरात म्हणाल्या, बायजा. दुसरं नाव आता कुणाला आठवतच नव्हतं. चांगल्या माणसाच्या दगडावर चंद्र-सूर्य हवेत म्हणून त्याने तेही कोरले. तिच्या लेकीला पत्र गेलं की आईवर दगड बसवला. दगडावर काय लिहिलं ते कळवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मी मात्र त्या दिवशी अभिमानाने ताठ उभा होतो.

मग करवंदीची जाळी वाढली, बकऱ्या माझ्यावर अंग घासू लागल्या. समाजातली बहुतेक घरं देश सोडून गेली. सरू तेवढी दर शुक्रवारी यायची, पदराने मला पुसायची आणि अबोलीची चार फुलं ठेवायची. सरूचे केस पांढरे झाले, पण शुक्रवार क्वचितच चुकला.

गेल्या वर्षी अपेक्षा आली. ती पेणला रामवाडीत राहते आणि कॉलेजात इतिहास शिकवते. दर रविवारी येऊन ती दगडांवरची नावं उतरवून घ्यायची. पोरगी हुशार. आडनावातलं ‘कर’ पाहून मूळ गाव सांगायची, वरच्या हिब्रू ओळीतून बापाचं नाव काढायची. तिच्या बोटाखाली एकेक विसरलेला माणूस पुन्हा कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी बायको होत होता. मी माझ्या पाळीची वाट पाहत होतो.

माझी पाळी आली. तिने पाहिलं की हिब्रू अक्षर नाही, नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. वर चंद्र-सूर्य, खाली शक, आणि पायाशी सुकलेली अबोली. ती वहीत लिहिताना पुटपुटली, ‘हिंदू बाई. दगड बाहेरून आणून टाकलेला दिसतो.’ मित्रांनो, तिचा तर्क अगदी चोख होता आणि साफ चुकीचा होता. आळीने जे जे मायेने केलं होतं, ते सगळं तामारच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं.

डिसेंबरात दीना आली. सत्तरीकडे झुकलेली, बरोबर मुलगा मायकल. तिची आई त्याच वर्षी वारली होती आणि जाताना सांगून गेली होती की माझ्या आईच्या कबरीवर एक खडा ठेव. त्यांच्यात कबरीवर फूल नाही, खडा ठेवतात. दीनाने तो आईच्या कबरीवरून उचलून आणला होता. अपेक्षाने आजीचं नाव विचारल्यावर ती तामार म्हणाली. दुसरं नाव तिला माहीत नव्हतं, कारण तिची आई आपल्या आईला फक्त आई म्हणायची.

अपेक्षाच्या वहीत तामार नव्हती. माझ्या शेजारी एक मऊ दगड आहे, पावसाने त्याचं नाव पार धुऊन नेलंय. तोच तामारचा असावा, असं शेवटी ठरलं. दीना त्याच्यापाशी बसली, तिने खडा ठेवला आणि लहान मुलीसारखी रडली. तो दगड शलोमचा, तिच्या आजोबांचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं.

उठताना तिचा तोल गेला आणि तिने माझी कड धरली. त्याच हाताने. मग माझ्यावरचं नाव वाचून तिने विचारलं, ‘ही कोन?’

‘ही तुमच्यातली नाही,’ अपेक्षा म्हणाली.

दीनाने हातावरची धूळ झटकली आणि ती गेली. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सरू तेव्हा निडीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. पंधरा दिवसांनी ती फुलं घेऊन आली, तो नेमका शुक्रवार आणि कॉलेजला सुट्टी म्हणून अपेक्षाही तिथेच. फुलं कुणाला, असं अपेक्षाने विचारलं.

‘बायजा मावशीला,’ सरू म्हणाली. ‘इस्राएल होती गो ती. शनवारी चूल नाय पेटवायची, मी चहा न्यायची. बाजूला तिचा घरवाला हाय, शलोम. लेक गेली परदेशात, नातीला घेवन. दीना नाव नातीचं.’

अपेक्षाने वहीतली ‘हिंदू बाई’ ही ओळ खोडली. मग तिने दीनाला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. खडा उचलून इकडे ठेवू का, असंही विचारलं.

‘नको,’ दीना म्हणाली. ‘आजोबांजवळच राहू दे. त्यांच्यासाठीच ती मागं राहिली. माझं हृदय कमजोर झालंय, आता पुन्यांदा येनं व्हायचं नाय. फोन तिच्या दगडाला लाव.’

अपेक्षाने फोन माझ्या अंगाला टेकवला.

‘आजी,’ दीना म्हणाली, ‘मी तुझा हात धरून उठले, आन तुला वळखली नाय गो.’

दगडाला पाझर फुटतो म्हणतात. ते खरं आहे.

मित्रांनो, ज्यांना तुम्ही नुसतं आई म्हणता, आजी म्हणता, त्यांचं नाव त्या आहेत तोवर विचारून ठेवा. शेजारीपाजारी त्यांना काय हाक मारतात तेही विचारा आणि दोन्ही लिहा. दगडावर जागा पुष्कळ असते. माझ्यावर तर बायजा आणि शकाच्या खाली अजून एक ओळ रिकामी आहे.