योगिनीचं कॅल्शियम

लेकीचं दुखणं लपवण्यात कमलिनीबाईंचा हात धरणारं भोपाळात कुणी नव्हतं. योगिनीला पहिली फिट आली ती चौदाव्या वर्षी, शाळेत प्रार्थनेच्या रांगेत. त्या दिवशी बाईंनी तोंडाला जे कुलूप घातलं ते एकोणीस वर्षं काढलं नाही. शाळेत सांगितलं, उपाशी होती, चक्कर आली. शेजारी सांगितलं, ऊन लागलं. तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरांत मराठी घरं मोजकी, आणि मोजकी म्हणूनच भयंकर. इथे सकाळी कुणी शिंकलं तर संध्याकाळच्या आत इंदूरहून 'सर्दी कशी आहे?' असा फोन यायचा. मुलींची लग्नंही त्याच इंदूर-उज्जैन-ग्वाल्हेरात जुळायची. फिट येणाऱ्या मुलीला कोण करून घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढा एकच वेदमंत्र बाईंना पाठ होता.

मंत्राला तंत्रही होतं. गोळ्या जवळच्या दुकानात घ्यायच्या नाहीत. सचिवालयात हेड क्लार्क असलेले त्यांचे यजमान नीळकंठराव दर महिन्याला स्कूटर काढून पार बैरागढला जायचे, तिथे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. मग बाई जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक गोळी पाकिटातून फोडायच्या आणि कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरायच्या. पाकिटांचे कात्रीने बारीक तुकडे व्हायचे. "अगं, बॉम्ब बनवतेस की काय?" नीळकंठराव विचारायचे. बाई डोळे वटारायच्या.

सात वर्षांपूर्वी रुखवताबरोबर ती बाटलीही शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिसरोदला गेली. जावई प्रतीक मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनीअर, माणूस सोन्यासारखा. "हाडं जरा कच्ची आहेत हो तिची," बाईंनी त्याला लग्नानंतर आठवड्याने सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ कॅल्शियम लागतं." प्रतीकने मान डोलावली. मूठ झाकलेलीच राहिली, कारण गोळी वेळेवर पोटात गेली की योगिनी तुमच्याआमच्यासारखी होती. नऊ वर्षांत एकही फिट नाही. डॉक्टरांनी फक्त एक बजावलं होतं. ताप आला तरी गोळी चुकवायची नाही. ताप आणि गोळीचा खाडा एकत्र आले तर मात्र काही खरं नाही.

मग तो एकवीस सालचा एप्रिल आला. शहरात खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, स्मशानात जागा मिळेना. नीळकंठराव आतल्या खोलीत तापाने पडलेले, बाईंना स्वतःला खोकला, दारावर कोरोनाचा लाल कागद चिकटवलेला. अशात प्रतीकचा फोन आला, योगिनीला धाप लागली म्हणून. दिवसभर वणवण करून त्याने तिला एका खाजगी रुग्णालयात खाट मिळवून दिली. नातेवाइकांना गेटच्या आत प्रवेश नाही, सामानाची पिशवी तेवढी आत जाईल.

"बाटली दिलीत ना पिशवीत?" बाईंनी विचारलं.

"दिली, आई. सगळ्यात वर ठेवली."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच तिथे राहिला. सकाळी योगिनीचा मेसेज आला. 'आई, बाटली काढून ठेवली त्यांनी. सिस्टर म्हणते, कॅल्शियम बाद में, अभी ज़रूरी नहीं. काल रात्रीची आणि आजची राहिली.'

बाईंनी लिहिलं, 'अगं, सांगून टाक त्यांना काय आहे ते.'

उत्तर यायला अर्धा तास लागला. 'कसं सांगू? फॉर्मवर प्रतीकने बाकी आजार नाही असं लिहिलंय. त्याला विचारतील. मास्क काढला की दम लागतो. तूच बघ ना काहीतरी.' त्यानंतर योगिनीचा फोन बंद झाला तो झालाच.

तूच बघ ना. लहानपणापासून हे वाक्य ऐकलं की बाई पदर खोचून उठायच्या. आता उठून जायचं कुठे? त्यांनी रुग्णालयाच्या चौकशीचा नंबर फिरवायला घेतला. तो लागेना. तासाभराने लागला तेव्हा बाईंनी आतल्या खोलीचं दार लोटलं, खिडकी लावली, आणि बाहेरच्या रिकाम्या खोलीत कुणी चोरून ऐकेल अशा आवाजात बोलल्या, "भैया, बेड नंबर सत्ताईस, उसको झटके की दवा चलती है. वो जो बॉटल है ना..."

"आप अटेंडंट हैं?"

"मैं माँ हूँ उसकी."

"माताजी, दवा की बात अटेंडंट ही करेगा. यहाँ प्रतीकजी का नंबर लिखा है. उनसे कहलवाइए."

फोन कट झाला. ज्या एका माणसापासून सात वर्षं लपवलं, नेमक्या त्याच्याच तोंडून आता ते वदवायचं होतं.

इथे बाई चुकल्या. आईचं काळीज वगैरे आपण म्हणतो, पण त्या काळजालाही सवयी असतात. बाईंनी प्रतीकचा नंबर काढला आणि ठेवून दिला. त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला: ऑक्सिजन त्र्याण्णव आहे, म्हणजे उद्या-परवा सोडतीलच. नऊ वर्षांत काही झालं नाही, दोन दिवसांत काय होतंय? आणि सांगितलं, आणि उद्या ती ठणठणीत घरी आली, तर तिचा संसार? 'फसवलंत' असं एकदा जावयाच्या तोंडून निघालं की ते परत आत जातं का? त्या दिवशी त्यांनी देव पाण्यात घालून ठेवले. नीळकंठरावांचा ताप मोजला, मुगाची खिचडी केली. नंबर आणखी तीनदा काढला आणि तीनदा ठेवला. संध्याकाळची गोळी चुकली. दुसऱ्या सकाळची चुकली.

दुपारी मात्र त्यांना राहवेना. खिचडीचं भांडं घासता घासता हात थांबला, आणि ओल्या हातानेच त्यांनी फोन लावला.

"प्रतीकराव, मी एक पाप केलंय," त्या म्हणाल्या. "ते कॅल्शियम नाही हो. योगूला फिट येतात. लहानपणापासून. त्याची गोळी आहे ती. परवा सकाळपासून पोटात गेलेली नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण आधी त्यांना सांगा."

बाईंना वाटलं, ठेवला फोन.

"आई," प्रतीक म्हणाला, "मला माहीत आहे."

बाईंनी वाहता नळ बंद केला.

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिच्या पर्समध्ये एक भरलेलं पाकीट सापडलं. नाव वाचलं, डॉक्टर मित्राला विचारलं. मग पाकीट होतं तिथे ठेवून दिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला वाटत होतं मला माहीत नाही. त्यातच तिला बरं वाटत होतं. तुम्हालाही. मी रोज फक्त बघायचो, बाटलीतल्या गोळ्या कमी होतायत ना."

"पण फॉर्मवर..."

"ती शेजारीच उभी होती, आई. धाप लागली होती. त्यांनी विचारलं, और कोई बीमारी? ती माझ्याकडे बघत 'नाही' म्हणाली. एवढी घाबरली होती. त्या क्षणी तिच्यासमोर मी कसं लिहू? वाटलं, बाटली दिली आहे, ती घेईल गुपचूप. ते बाटली काढून घेतील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी निघतोय आत्ता."

बाईंना रडू आलं नाही, राग आला. या भल्या माणसाचा राग आला, स्वतःचा आला, त्या गरीब लेकीचाही आला. सगळ्यांनी मिळून तिला इतकं सांभाळलं, इतकं सांभाळलं, की तिला गोळी द्यायला कुणी उरलंच नाही.

प्रतीक गेटवर पोचला तेव्हा रखवालदाराने आत सोडलं नाही. त्याने चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी आत गेली, आणि पाऊण तासाने त्याच्या फोनवर डॉक्टरांचाच फोन आला. त्याने बाईंनाही त्यात जोडून घेतलं.

"सुबह पाँच बजे से झटके के दौरे आ रहे हैं," कुणी तरुण डॉक्टर दमलेल्या आवाजात सांगत होती. "एक के बाद एक. होश नहीं आया बीच में. हम समझे कोविड का असर दिमाग पर हुआ है, उसी लाइन पर इलाज चल रहा था. साँस के लिए नली डालनी पड़ी. पुरानी मिरगी है क्या?"

"है," प्रतीक म्हणाला. "दवा का डोस मुझे... आई, किती मिलीग्रॅम?"

आणि कमलिनीबाईंनी सांगितलं. गोळीचं नाव, मिलीग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक, पहिली फिट कधी, शेवटची कधी. डॉक्टर आणि बैरागढचा दुकानदार सोडले तर जे नाव घराबाहेर गेलं नव्हतं ते त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा अक्षरं सुटी करून.

"आखिरी गोली कब ली थी?"

"परसों सुबह, घर पे."

डॉक्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "पहले दिन बता देते, माताजी." मग म्हणाली, "इंजेक्शन बदल रहे हैं. देखते हैं. अभी कुछ कह नहीं सकते." मागे कुठलंसं मशीन वाजत होतं, कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती गेली.

बाई खुर्चीत बसल्या. आतून नीळकंठराव खोकत विचारत होते, "काय गं? कुणाचा फोन?" त्यांना उत्तर द्यायच्या आत फोन पुन्हा वाजला. इंदूरहून विहीणबाई, विनिताताई. या एका फोनच्या भीतीने एकोणीस वर्षं गेली होती.

"कमलिनीताई, प्रतीक नीट बोलतच नाही हो, नुसता रडतोय. काय झालं योगिनीला?"

"तिला फिट आल्या," बाई म्हणाल्या. "कोरोनाच्या नव्हेत. चौदाव्या वर्षापासून येतात. आम्ही तुमच्यापासून लपवलं."

बाई वाट बघत राहिल्या. आता येईल, फसवलंत म्हणून येईल. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"अगंबाई," विनिताताई म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावालाही येत होत्या की. संसार झाला, नातवंडं झाली त्याला. नियमाने गोळी घेतली की काही होत नाही हो. आता तिथे तिला गोळी वेळेवर देतायत ना?"