पलीकडे कुणी आहे का?

लॅपटॉपच्या कडेला खोचलेला, निळा दिवा लुकलुकवणारा, अंगठ्याएवढा, तो मी. वायफायचा डोंगल. कारखान्यात एकाच दिवसात हजारो भावंडांसोबत जन्मलो, त्यामुळे माझं कौतुक असं कुणी केलं नाही. जिथे गेलो तिथे काम एकच: राउटरपुढे मान तुकवायची. तो बंद पडला की आपणही गप्प. मला याची फार चीड यायची.

मग मी बाईंच्या मुलीच्या हाती आलो. बाई नोकरदार बायकांना संध्याकाळी दहावीचं गणित शिकवतात. नेमका त्यांचा पाय मोडला, आणि रस्ता खोदताना गल्लीची इंटरनेटची लाइनही तुटली. मोबाइलला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि वर्गसमीकरणं शिकवायची राहिलेली. बाईंच्या खोलीत पलंग सोडला तर उभं राहायला जागा नाही. शाळा मात्र समोरच, खिडकीसमोर खिडकी.

"दहा पावलांसाठी कंपनीच्या तोंडाकडे कशाला बघायचं?" मुलगी म्हणाली. तिने माझा जुळा भाऊ आईच्या लॅपटॉपला लावला, मला वर्गातल्या. काळ्या पडद्यावर कमांड लिहिल्या: राउटर नको, थेट एकमेकांशी बोला. नेटवर्कचं नाव हे, चॅनेल सहा, तुझा पत्ता हा. आमच्यावर कुणी साहेब नाही! मी हरखून गेलो.

पलीकडे कुणी आहे का, तिने कमांड लिहून विचारलं. क्षणात उत्तर आलं. "लागलं!" बायकांनी टाळ्या पिटल्या.

पण बाई काही दिसेनात. मला ठाऊक होतं, माझ्यातून एक अक्षरही बाहेर गेलं नव्हतं. लॅपटॉप स्वतःलाच हाक मारून स्वतःच ओ देत होता. पण सांगू कसं?

पाऊण तास गेला. मुलगी रडकुंडीला आली. "दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखंच लिहिलंय हो!"

"पत्तासुद्धा?" मागच्या बाकावरून टपाल वाटणाऱ्या मावशींनी विचारलं.

"हो, सगळंच."

"अगं बाई! दोन घरांना एकच नंबर दिलास, तर मी पत्र टाकू कुठे? सगळे समान म्हणजे काय, सगळे एकाच दारातून ये-जा करणार?"

मुलीने जीभ चावली. पत्त्यातला शेवटचा एक पुसून दोन केला. माझा दिवा फडफडला, आणि पडद्यावर प्लास्टरमधल्या पायासकट बाई उमटल्या.

"झोपला होतात का सगळ्या? वह्या काढा!"

पेपर झाला. निकाल यायचाय. वर्गसमीकरण अगदी शेवटपर्यंत सुटलं, असं मावशी येईल त्याला सांगतात. लाइन दुरुस्त झाली तरी मुलीने आम्हाला काढलेलं नाही. आता मावशीच चष्मा सरकवत, एका बोटाने कमांड लिहितात. पुढची खिडकी कोपऱ्यावरच्या दवाखान्याची जोडायची आहे.

तुमच्याही खिडकीसमोर कुणी राहतच असेल ना? मग वाट कसली बघताय?