ताईचं वजन

पैलवानाने जाडजूड गादीची शिवण उसवली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि तोंड वाकडं केलं. आतल्या फोमचा पार भुगा झाला होता. वरचं लाल रेक्झिन एका जागी इतकं झिजलं होतं की खालचे धागे बोटाला लागत होते.

“हिच्यावर बसतं तरी कोण?” त्याने विचारलं.

“बसत नाही कोणी, आपटतात,” समोर उभा असलेला म्हातारा म्हणाला. “कुस्तीच्या रिंगमधल्या आहेत या. चार कोपरे, चार गाद्या. बाकीच्या तीन बाहेर रिक्षात आहेत.”

पैलवानाच्या हातातली सुरी तशीच राहिली.

पैलवान हे त्याचं खरं नाव नव्हे, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तो सोफ्यांना आणि खुर्च्यांना गाद्या बसवणारा कारागीर. वय शेहेचाळीस, खांदे उतरते, पोट किंचित पुढे, आणि पाठ अशी की जरा वाकून काम केलं की दोन दिवस बोलायची. लहानपणी टीव्हीवरच्या कुस्त्या बघून त्याने घरादाराला भंडावून सोडलं होतं, तेव्हा गल्लीने त्याला हे नाव ठेवलं. गल्ली बाकी सगळं विसरते, पण ठेवलेलं नाव काही केल्या विसरत नाही.

त्याने म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं. बारकी अंगकाठी, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. एखाद्या कचेरीत उभा जन्म कागदांवर शिक्के मारण्यात गेला असावा, असाच माणूस.

“तुम्ही तिथले मॅनेजर का?”

“छे हो. मी लढायचो. बावीस वर्षं लढलो.”

पैलवानाने सभ्यपणे मान डोलावली, पण उत्सुकता काही त्याला गप्प बसू देईना. “किती कुस्त्या जिंकलात?”

“एकही नाही,” म्हातारा खुशीत म्हणाला. “आमच्या कुस्त्या नाटकासारख्या, आधी ठरवलेल्या. माझी नोकरीच हरायची होती. आता पोरांना शिकवतो.”

मग काय, पैलवानाने स्टूल पुढे ओढलं, चहा मागवला आणि हातातलं काम बाजूला ठेवून आपली गोष्ट सुरू केली. ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की कुठे थांबायचं आणि कुठे लोक हसतात, हे त्याला तोंडपाठ होतं. याच कारखान्यात, वडिलांच्या गाद्यांच्या ढिगावर, तो रोज संध्याकाळी ताईला खांद्यावर उचलून आपटायचा. ताई दोन वर्षांनी मोठी. नऊ वर्षांचा असल्यापासून चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याने तिला किती वेळा आपटलं असेल, याची मोजदाद नाही. मग दुसऱ्या शहरातल्या अशाच रिंगमधल्या कुस्तीच्या शाळेची निवड निघाली. वडील सहीला तयार होईनात. शेवटी त्याच्या हट्टापायी ते म्हणाले, मला एकदा करून दाखव, मग करतो सही. त्यांच्या एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात उघडलेलं पेन. पैलवानाने ताईला मिठी घातली, जोर लावला, आणि ताई जागची हलली नाही.

“हललीच नाही?” म्हाताऱ्याने विचारलं.

“तसूभर नाही! बाबांनी पेन बंद केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सुई-दोरा.” इथे तो नेहमी थोडा थांबत असे. “तेव्हापासून घरात म्हणतात, ताई जाड झाली आणि एक पैलवान वाया गेला.”

या जागी सगळे हसायचे. घरात कुठलंही कार्य असो, जेवणं उरकली की कोणीतरी हा विनोद काढायचंच आणि ताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने कप खाली ठेवला, बूट काढले आणि बाजूच्या तयार गाद्यांवर हात दाबून पाहिला.

“उचला मला,” तो म्हणाला.

“अहो, काहीतरीच काय. माझी पाठ...”

“पाठीला काही होत नाही. उचला.”

पैलवानाने संकोचत त्याला कवेत घेतलं आणि पुढच्याच क्षणी म्हातारा त्याच्या खांद्यावर होता. कापसाची पिशवी उचलावी तसा! पैलवानाला हसूच फुटलं. इतक्या वर्षांनी ऊर भरून आला. त्याने त्याला अलगद गाद्यांवर ठेवलं.

“आता परत,” म्हातारा उठून म्हणाला.

पैलवानाने परत जोर लावला. मान लाल झाली, पाठीत कळ आली, आणि म्हातारा जमिनीला खिळल्यासारखा उभा.

“दोन्ही वेळेला मी पन्नास किलोचाच होतो,” म्हातारा बूट घालत म्हणाला. “पहिल्यांदा मी उडी मारली, तुमच्या मांडीवर हात टेकवून. तुम्हाला कळलं नाही. कळायला नकोच, त्यातच तर कसब आहे. वर जाणारा स्वतः वर जातो. उचलणाऱ्याने फक्त धरायचं.”

पैलवान स्टुलावर बसला.

“ताईला हे कोणी शिकवलं होतं?” म्हाताऱ्याने विचारलं. या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“कोणी नाही. म्हणजे... मलाच माहीत नव्हतं, तर तिला कोण शिकवणार?”

“पाच वर्षं रोज उडी मारली आणि तुम्हाला पत्ता लागू दिला नाही?” म्हाताऱ्याने मान हलवली. “आमच्याकडे उचलणारे पैशाला पासरी मिळतात. अशी पोरगी शोधूनही सापडत नाही.”

गाद्या सोमवारी न्यायचं ठरवून म्हातारा गेला. पैलवानाने नवा फोम कापायला घेतला, पण कात्री दोनदा तिरकी गेली. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या दंडांना दोष दिला होता. त्या दिवशी अंगातलं बळ कुठे गेलं, या कोड्याने कितीतरी दुपारी त्याला छळलं होतं. आणि मुळात बळ नव्हतंच! होती ती ताईची उडी. मग एकच प्रश्न उरत होता. रोज मारायची, तर नेमकी त्या दिवशी तिने उडी का मारली नाही? बाबांनी सांगितलं होतं? की धाकट्या भावाचं भलं बघवलं नाही? तो चिडला, हे खरंच. पण चिडण्यापेक्षाही त्याला कुतूहल आवरेना. जेवणाची सुट्टी व्हायच्या आतच त्याने शटर अर्धं ओढलं आणि तो निघाला.

ताई चौकापलीकडच्या लाँड्रीत काम करायची. हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. आत वाफेने भिंती ओल्या झालेल्या, यंत्रांची घरघर, आणि मधोमध लांब टेबलापाशी ताई एकटीच डबल बेडच्या चादरीशी झटत होती. पंचवीस वर्षं उभ्याने काम करून तिचे पाय सुजायचे, म्हणून तिने चपला काढून ठेवल्या होत्या.

“बरा आलास,” ती म्हणाली. “माझी जोडीदारीण आज आली नाही. ते टोक धर.”

त्याने टोक धरलं. दोघांनी चादर ताणली, झटकली, अर्ध्यात घडी घातली. पैलवानाने घडी घालता घालता म्हाताऱ्याची सगळी हकीकत सांगितली. ताई ऐकत होती. ‘बावीस वर्षं हरला’ हे ऐकल्यावर तिच्या भुवया वर गेल्या. ‘उचला मला’ ऐकल्यावर ती जरा हसली. त्यानंतर मात्र तिने मान वर केली नाही.

“म्हणजे तू उडी मारायचीस,” तो म्हणाला.

“हो.”

“तुला शिकवलं कोणी?”

“टीव्ही काय तू एकटाच बघत होतास?” तिने पुढची चादर ओढली. “तू नेहमी जिंकणाऱ्याकडे बघायचास. मी दुसऱ्याकडे बघायचे. कसा वर जातो, हनुवटी कशी छातीला लावतो, पडताना हात कुठे ठेवतो.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुला किती आनंद व्हायचा. मला उचललंस की गल्लीभर ओरडत सुटायचास.”

चादर चौकोनी झाली, ढिगावर गेली. पैलवानाने तिसरी उचलली. आता विचारायचं ते विचारायलाच हवं होतं.

“मग बाबांसमोर का नाही मारलीस?”

ताईने चादरीची कड जुळवली. एक टोक खाली राहिलं होतं, ते वर ओढून घेतलं.

“मारली होती,” ती म्हणाली.

“काय?”

“उडी. त्या दिवशीही मारली होती. रोजच्यापेक्षा उंच मारली.”

“मग?”

“तू हात आवळले नाहीस.” शर्टाचा डाग निघाला नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं, इतक्या साध्या आवाजात तिने सांगितलं. “तुझ्या छातीपर्यंत आले आणि घसरून खाली. बाबा फॉर्म वाचत होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा मी जमिनीवर होते. त्यांना वाटलं, तुला उचलताच आलं नाही.”

पैलवानाने चटकन ‘खोटं’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला त्या सकाळी घास गिळवत नव्हता. आदल्या दिवशी त्याने शाळेच्या पत्रकावरचा फोटो पाहिला होता. त्यातली मुलं त्याच्या दीडपट होती. अनोळखी शहर, पन्नास खाटांची खोली. बाबांनी पेनाचं टोपण लावलं तेव्हा तो सुटलो म्हणून रडला होता. घरच्यांना वाटलं, स्वप्न मोडलं म्हणून रडतोय, आणि हळूहळू त्यालाही तसंच वाटायला लागलं.

“मला भीती वाटली होती, ताई.”

“ठाऊक आहे. घामाने निथळत होतास.”

“मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? ऊठसूट सगळे तुझ्या वजनावरून...”

“चौदा वर्षांचा होतास रे. घाबरलास असं बाबांपुढे सांगायचं? त्यापेक्षा मी जाड बरी.” ती हसली. “आणि नंतर झालेच की जाड. विनोद खरा झाला.”

पैलवानही हसला. त्याला एकाएकी फार हलकं वाटलं. बत्तीस वर्षांचं कोडं सुटलं होतं, आणि सोडवणारं माणूस घरचंच निघालं होतं. आता विषय गोडीगुलाबीने संपवावा म्हणून तो म्हणाला, “जाऊ दे. माझं काय ते गेलं. तुझं तर काही नुकसान झालं नाही ना.”

ताईच्या मागे यंत्राने फेरा संपवला आणि ते थांबलं.

“फॉर्मवर दोन नावं होती,” ती म्हणाली.

पैलवानाला आठवेना. मग आठवलं. जोडीने निवड होती. उचलणारा एक आणि पडणारा एक, असं छापलेलंच होतं वर. दुसऱ्या ओळीत ताईचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. इतक्यांदा सांगितलेल्या गोष्टीत ही ओळ एकदाही आली नव्हती.

“तुला जायचं होतं?”

“होतं की,” ताई म्हणाली. “खूप.”

त्याला माफी मागावी असं फार वाटलं, पण बत्तीस वर्षांची माफी कुठल्या शब्दांनी मागतात हे त्याला माहीत नव्हतं. घरात हा विनोद कोणी काढला की तोच सगळ्यात मोठ्याने हसायचा, हे आठवून त्याची मान खाली गेली. ताईने ओल्या हातांनी कपाळ पुसलं आणि नेहमीसारखी चादर त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

“वर गेल्यावर कसं वाटायचं?” त्याने विचारलं.

ताई चमकली. तिने चादर टेबलावर ठेवली आणि ती स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली. सुजलेल्या पायांची बोटं ओल्या फरशीवर किंचित हलली.

“कारखान्यातल्या बाबांच्या उंच कपाटाच्या माथ्यावरचं सगळं दिसायचं,” ती म्हणाली. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. “त्यांनी लपवून ठेवलेले खेळायचे पत्ते होते तिथे, एक मोडकी छत्री होती. आणि कपाटामागे खिडकी होती ना, जी खालून दिसतच नाही? तिच्यातून पलीकडचा रस्ता दिसायचा. पार पुलापर्यंत.”

“पुलापर्यंत? किती वेळ दिसायचा?”

“तू धरून ठेवशील तेवढा वेळ,” ताई म्हणाली.