टोकावरचा खडू

सासऱ्यांच्या कडेवरून मी माझी मुलगी काढून घेतली, त्याला दोन महिने झाले. तिला घेऊन ते आतल्या खोलीत निघाले होते. डावा चवडा उंबरठ्याला अडकला आणि ते दारावर आदळले. पोरीला मात्र त्यांनी छातीशी असं धरलं होतं, की तिला खरचटलंही नाही. तरी मी हात पुढे केले ते केलेच. तेव्हापासून बाबा तिला बसूनच मांडीवर घेतात. उभ्यानं त्यांनी कधी मागितली नाही आणि मीही दिली नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा हात सावरला, पाऊल नाही. पाय उचलला की पुढचा भाग ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पोटरीपासून तळव्यापर्यंत जाणारा प्लॅस्टिकचा पट्टा आणून दिला. तो घोटा काटकोनात धरून ठेवतो, चवड्याला लोंबू देत नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याचं लगेच ‘पन्हळ’ असं बारसं केलं. पण पन्हळ पलंगाखालीच पडून असायची. नुसती घातली तर फरशीवर सरकते, ती बुटात घालायची असते. आणि आमच्याकडे बूट दाराच्या आत येत नाहीत. आईंचा कायदा. सगळ्या गल्लीचे बूट शिवणाऱ्याशी संसार केला, पण एक जोड आत शिरू दिला नाही, हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

मला वाटायचं, बाबा हट्ट करताहेत. एकदा मुलीला पाजता पाजता मी बोलून गेले, की घालायची नव्हती तर आणली कशाला. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतून, झटक्यापासून बंद असलेल्या त्यांच्या दुकानातून, ठोकण्याचा आवाज आला.

त्यांनी पन्हळीसकट पाय मावेल असा डावा बूट केला. पण चालायला लागले तर एक पाय पायरीवर नि दुसरा जमिनीवर असल्यासारखे डुलायला लागले. मी म्हटलं, बाईंना विचारू या. बाबा म्हणाले, विचारायचं काय त्यात, डावी बाजू जाडीनं उंच झालीय. आणि त्यांनी चांगल्या पायाच्या बुटाला खालून चामड्याचा एक थर चढवला. मला मागून चालायला लावलं. पायांकडे बघू नको, कमरेकडे बघ, कुठं कलतो ते सांग. मुलगी झोपली की आमचा हाच उद्योग: मी सांगायचे, ते थर तासायचे. पुढच्या वेळी बाईंनी पाहिलं आणि आता याला हात लावू नका म्हणाल्या.

कायदा मोडायला मात्र तीन दिवस लागले. शेवटी आईंनीच ओल्या फडक्यानं नवे तळ पुसले. “हा बूट नाही, औषध आहे,” त्या म्हणाल्या. “पण बाहेर नेलात तर याद राखा.”

आज दुपारी बाबांनी मला हाक मारली. झटक्यानंतर घातलेला जुना डावा बूट त्यांनी माझ्यासमोर उलटा ठेवला. टोक इतकं घासलं होतं की आतली शिवण दिसत होती. मग नव्या बुटाच्या टोकाला, अगदी कडेला, त्यांनी खडू फासला आणि घरात दहा फेऱ्या मारल्या. सावकाश, आधी टाच, मग चवडा. दर फेरीत उंबरठा दोनदा. खुर्चीत बसून बूट काढला आणि माझ्या हातात दिला. टाचेवर फरशीची धूळ होती. टोक तसंच पांढरं.

“बरा झालो असं म्हणत नाही मी,” ते म्हणाले. “पाय तोच आहे, जिन्यावर अजून कठडा लागतो. सपाटीवर टोक अडकत नाही, एवढंच. बघ आणि ठरव. नको वाटलं तर नको.”

त्यांनी बूट पुन्हा चढवला, पट्टे आवळले, उभे राहिले. मी आत गेले, झोपेतून नुकती उठलेली मुलगी उचलली आणि त्यांच्या कडेवर दिली. तिनं लगेच त्यांचा कान पकडला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या, ओलं फडकं हातातच.

मी मागून चालत होते. उंबरठा आला तसे माझे हात आपोआप पुढे झाले.

“सूनबाई, पोरीकडे बघू नको,” बाबा न वळताच म्हणाले. “टोकाकडे बघ.”

मी खाली पाहिलं. पांढरं टोक उंबरठ्याच्या बोटभर वरून पलीकडे गेलं. मी हात मागे घेतले.