बिननावाचा ट्रे

एल्डन गेल्याचं ओपलने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "म्हणजे आता मला हॉटडिश करावी लागणार."

हॉटडिश म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं खिमा-बटाट्याचं जेवण; आमच्याकडे दुःखाच्या घरी तेच नेतात. ओपल आमच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची कारभारीण. गावात कोण गेलं हे तिला पाद्र्याच्याही आधी कळतं. ती म्हणाली, "मार्लिस, तुझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा गेलाय गं."

"कुणाचा कोण गेलाय ते मला ठाऊक आहे. हॉटडिश न्यायची की नाही?"

"ने की. पण व्हर्नाला भेटायचं असेल तर आत्ताच भेट. ईस्टर झाला की मुलगा तिला ॲरिझोनाला घेऊन जाणार म्हणतोय. घर विकायला काढणार आहेत."

मी फोन ठेवला. एल्डनसाठी थोडं रडू आलं, खोटं कशाला बोलू? भला माणूस होता. माझी गाडी बर्फात रुतली की न बोलावता ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि बायकोला सांगायचा नाही. पण रडण्यापेक्षा राग जास्त आला. व्हर्ना तिकडे उन्हात जाऊन बसणार आणि मी इथे मिनेसोटाच्या बर्फात भांडायचं तरी कुणाशी? मला 'मार्ली' म्हणणारं या जगात एकच माणूस उरलंय, आणि ते माणूस म्हणजे ही बया. ती गेली की कायमची गेली, हे मला त्या क्षणी चांगलंच कळलं होतं, आणि म्हणून तर राग आला होता.

आमचं भांडण आईच्या भांड्यावरून. लांबट, निळसर काचेचं, ओव्हनमध्ये ठेवायचं भांडं. एका कानाचा टवका गेलेला. आई त्यात खिमा-बटाट्याची हॉटडिश करायची आणि आम्ही दोघी तिच्या कोपऱ्यांसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायचो. कोपऱ्यात बटाटा दोन्ही बाजूंनी भाजून कडक होतो, सॉस आटून चिकट होतो. मधला भाग पोट भरायला असतो, कोपरा खायला असतो. पुढे व्हर्नाचं लग्न झालं, एल्डन आमच्या टेबलावर जेवायला येऊ लागला आणि व्हर्नाने चारही कोपरे त्याच्या ताटात वाढायला सुरुवात केली. मी समोर बसलेली असताना.

आई गेल्यावर आम्ही तिचं घर आवरत होतो. व्हर्ना ते भांडं हातात घेऊन म्हणाली, "मार्ली, हे तू घे."

"छे, तुलाच असू दे."

"घे ना. खरंच सांगते."

"नको गं. मला एकटीला कशाला एवढं मोठं?"

आता आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की हे नकार नव्हेत. चांगल्या घरचं माणूस दोनदा नको म्हणतं. तिसऱ्यांदा विचारलं की "एवढा आग्रहच करतेस तर" म्हणून घेतं. कॉफीच्या कपापासून वापरलेल्या ट्रॅक्टरपर्यंत हाच कायदा. मी तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभी राहिले. हात पुढे करायचाच काय तो बाकी होता. व्हर्नाने भांडं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गाडीत नेऊन ठेवलं.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. म्हणजे, भांडलो असंही नाही. आमच्याकडे आरडाओरडा करत नाहीत. दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ती हसून म्हणते, "थंडी आहे." मी हसून म्हणते, "आहे खरी." एवढ्या शब्दांत मावेल तेवढं विष आम्ही दोघी नीट भरून घालतो.

तर मी खिमा काढला. बीफचा, चांगला चरबीचा. कांदा बारीक चिरला, आणि इतका जोरात चिरला की ओट्यावरचा पाव खाली पडला. तव्यावर खिमा परतताना मी व्हर्नाला सगळं सुनावलं. तिथे नव्हती म्हणून काय झालं? तुला गोठवलेल्या बटाट्याच्या तयार गोळ्या वर टाकायची सवय आहे, म्हटलं, पिशवी फाडली की झाला स्वयंपाक. आईचं भांडं घेतलंस, आईचा हात नाही घेतलास. मी बटाटे सोलले, आई करायची तसे पातळ काप केले. खिम्यात मटार आणि मश्रूमच्या घट्ट सूपचे दोन डबे घातले, मीठ-मिरी घातली. वर बटाट्याच्या कापांच्या रांगा लावल्या, कौलं लावतात तशा. एक रांग वाकडी झाली म्हणून सगळी काढून पुन्हा लावली. जिच्यावर एवढा राग आहे तिच्यासाठी एवढी मेहनत कशाला, असं मीच स्वतःला विचारलं आणि उत्तर न देता वरून चीज किसलं.

पण हे सगळं लावलं कशात, ते महत्त्वाचं.

माझ्याकडे काचेची चांगली तीन भांडी आहेत. प्रत्येकाच्या तळाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर माझं नाव. आमच्या गावात प्रत्येक बाईच्या भांड्यावर असतं. दुःखाच्या घरी भांडी जातात, काही आठवड्यांनी ती धुऊन परत येतात, आणि परत करायला आलेली बाई कॉफीला बसते. म्हणजे हॉटडिश नेणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं त्या चिकटपट्टीत असतं: ये कधीतरी, भांडं द्यायला.

मी कपाटातून पत्र्याचा पातळ ट्रे काढला. वापरून फेकायचा. असला ट्रे अनोळखी माणसाला देतात, नाहीतर शाळेच्या सहलीला. सख्ख्या बहिणीला तो देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मला तेच करायचं होतं. तिला कळावं, की माझ्याकडे परत यायचं काही कारण मी ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. व्हर्नाने दार उघडलं. केस विंचरलेले, डोळे सुजलेले. तिच्या ओट्यावर अख्ख्या गावाची भांडी उभी होती: ओपलचं, पाद्रीणबाईंचं, पलीकडच्या शेतावरच्यांचं.

"थंडी आहे," ती म्हणाली.

"आहे खरी. वाईट झालं एल्डनचं."

"हं."

तिने माझा ट्रे घेतला, जड म्हणून खालून हात लावला आणि सवयीने वर धरून तळ बघितला. तळाला काही नव्हतं. तिने पुन्हा बघितलं.

"नाव नाही लावलंस."

"परत करायची गरज नाही. फेकून दे."

तिला कळलं. चेहरा कानशिलात बसल्यासारखा झाला. मला वाटलं होतं मजा येईल, आणि आलीही, फाटकापासून तिच्या दारापर्यंत जितकं अंतर आहे तेवढा वेळ.

"कॉफी घेशील?" तिने विचारलं.

"नको."

"घे ना, केलेलीच आहे."

"नको. रस्ते घसरडे झालेत."

मग आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिचा हात कॉफीच्या भांड्याजवळ होता. मी मफलर सावकाश गुंडाळला, उगाच सोडला, पुन्हा गुंडाळला. तिसऱ्यांदा विचार, म्हटलं मनात. आत्ता तरी विचार, भवाने, नवरा गेलाय तुझा. मी बसते. मी कोट काढते.

"बरं मग," व्हर्ना म्हणाली.

गाडीत बसून मी तिला जे जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले. नंतर तळघरात जेवणाला थांबले नाही. ओपलने हात धरला तो सोडवून घेतला. त्यानंतर व्हर्ना चर्चला यायचीच बंद झाली. ओपल सांगायची, व्हर्ना घरोघर जाऊन भांडी परत करतेय. आज हिच्याकडे गेली, काल तिच्याकडे तासभर बसली, तिसरीकडे चक्क हसली. माझ्याकडे यायचं कारण नव्हतं. कारण मीच कापून टाकलं होतं, आणि त्याबद्दलही मला राग तिचाच येत होता.

बर्फ वितळून अंगणात चिखल झाला त्या सुमाराला दारावर टकटक झाली. व्हर्ना. हातात कागदी पिशवी. बूट पुसून आत आली आणि उभ्या उभ्या पिशवीतून ट्रे काढला.

तोच ट्रे. घासून चकचकीत केलेला. वाकलेल्या कडा अंगठ्याने दाबून दाबून सरळ केलेल्या. तिने तो माझ्या टेबलावर पालथा ठेवला. तळाला पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर तिच्या वळणदार अक्षरात: मार्लिस.

"हा फेकायचा असतो," मी म्हटलं.

"दुसऱ्याचं भांडं ठेवून घेण्याइतकी मी बेशरम नाही."

"खरंच? मग ते दुसरं कधी परत करतेस?"

"कुठलं दुसरं?"

"कुठलं म्हणे! आईचं!" माझा आवाज एवढा चढला की मीच दचकले. या स्वयंपाकघरात असा आवाज कुणी काढला नव्हता. "दोनदा विचारलंस तू मला. दोनदाच! कुत्र्याला हाड टाकतानाही माणूस जास्त आग्रह करतं!"

व्हर्नाने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "हो. दोनदाच विचारलं."

"आता म्हणशील विसरलीस."

"विसरले नाही. मला ते भांडं हवं होतं, मार्ली. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही."

इतकी वर्षं मी तिच्या सगळ्या सबबींची उत्तरं तयार करून ठेवली होती. एल्डन हॉर्न वाजवत होता म्हणाली असती तर उत्तर होतं. तुलाच नको होतं म्हणाली असती तर दोन उत्तरं होती. ही सबबच नव्हती.

"लाज नाही वाटली?"

"वाटली. अजून वाटते, ओव्हन उघडला की. पण भांडं फार आवडतं मला." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुला एवढं हवं होतं, तर तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"माझ्या तोंडाला? मी चार माणसांत वाढलेली आहे!"

"मीही त्याच चार माणसांत वाढले."

मी ट्रे उचलला, पुन्हा ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हॉटडिश कशी झाली होती?"

"मीठ जास्त. खिम्यातली चरबी नीट काढली नव्हतीस."

"खाल्लीस ना पण?"

"सगळी गर्दी पांगल्यावर खाल्ली. मुलगाही ॲरिझोनाला परतला होता. तुझीच शेवटी ठेवली होती." ती खिडकीकडे बघायला लागली. "रोज थोडी गरम करायचे. एके दिवशी बघते, तर ट्रेमध्ये नुसते चार कोपरे. सवयीने रोज मधलंच वाढून घेत होते मी. एल्डनसाठी ठेवत होते."

मी ट्रेची कड अंगठ्याने दाबली.

"मग ओट्यापाशी उभी राहून मीच खाल्ले. चारही. गरमसुद्धा नाही केले."

तिने नाक पुसलं. मला तिचा हात धरावासा वाटला, खरंच वाटलं. पण आमच्याकडे तसं करत नाहीत, म्हणून मी म्हटलं, "कॉफी घेशील?"

"नको."

"घे ना, केलेलीच आहे."

"नको, तुला कशाला त्रास." तिने हातमोजे उचलले, दारापाशी गेली, दाराच्या मुठीवर हात ठेवला. आणि थांबली.

आता पाळी माझी होती. वर्षानुवर्षं जिची वाट बघितली ती हीच घटका. मी ओट्याची कड घट्ट धरली आणि तोंड मिटून उभी राहिले. उभी राहा म्हटलं, बघ कसं वाटतं. बघ तिसऱ्या प्रश्नाची वाट बघताना काय होतं माणसाचं. मला ते आवडलं, पण मूठ फिरली असती तर पुढे ॲरिझोना होतं, आणि तरीही माझं तोंड उघडेना.

व्हर्नाने मूठ सोडली. परत आली, खुर्ची ओढली आणि कोटासकट बसली.

"तू काही विचारायची नाहीस. ओळखते मी तुला," ती म्हणाली. "मला कॉफी हवी आहे. ओत."

असं कुणी करत नाही. आमच्या अख्ख्या तालुक्यात असं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. मी कपाटातून दोन कप काढले. तिच्यासमोर कप ठेवला, कॉफीचं भांडं उचललं आणि ओतायच्या आधी थांबले.

"कॉफी घेशील?" मी विचारलं. तिसऱ्यांदा.

"एवढा आग्रहच करतेस तर," व्हर्ना म्हणाली आणि कप पुढे सरकवला.