उतरत्या पाइपवरचा मीटर

उत्तमसिंगच्या पिशवीत सहा वस्तू होत्या. दोन कप्प्यांचा डबा, त्यात अर्धी भाकरी आणि ठेचा. हात पुसायचा पंचा. काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा. चुन्याची डबी. बिस्किटाचा पुडा. गुडघ्याला लावायच्या मलमाची अर्धी संपलेली ट्यूब. वॉचमनने पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा खोलीत नऊ माणसं होती. मी दहावा.

साठ लिटर दूध पिशवीत मावत नाही, हे दहाही जणांना कळत होतं.

"मीटर म्हणतो दोन हजार लिटर टाकीत गेलं," आमचे मॅनेजर माणिकराव म्हणाले. "टाकीत तुझी कांडी दावते एकोणीसशे चाळीस. मधी कुठं जाऊन राहिलं दूध, उत्तमसिंग?"

"सायब, कांडी बराबर हाय. बावीस साल झाले, तीच कांडी हाय."

"कांडी तुझी. मीटर कंपनीचा."

उत्तमसिंग माझ्याकडे बघायला लागला. मी मलमाच्या ट्यूबवरची अक्षरं वाचत राहिलो.

हे दोन हजार चारच्या मार्चमधलं. औंढ्याच्या रस्त्याला आमचं दूध थंड करण्याचं केंद्र होतं. उत्तमसिंग तिथे दूध मापून घ्यायचा, पंपाने टाकीत चढवायचा आणि शेवटी टाकीत खुणांची स्टीलची कांडी बुडवून आकडा वहीत लिहायचा. मी बी.एस्सी. होऊन नुकताच लागलो होतो. सहा महिन्यांनी कायम करू, असं पत्र होतं. नवा मीटर मीच बसवला होता.

मीटर बसवायला दोन जागा होत्या. पंपातून दूध सरळ वर चढतं तो पाइप, आणि वरून टाकीत उतरतो तो. चढता पाइप यंत्राच्या मागे. आकडा वाचायचा तर वाकून मागे जावं लागे. उतरता पाइप माणिकरावांच्या खुर्चीसमोर. "मला बसल्या जागी दिसला पाह्यजे," ते म्हणाले होते. मी हो म्हणालो. मीटरच्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर उतरत्या पाइपचं चित्र होतं आणि त्यावर फुली होती. ते पान मी वाचलेलं होतं.

कारण साधं आहे. मीटर फक्त दुधाचा वेग मोजतो आणि पाइप काठोकाठ भरलेला आहे असं धरून लिटर काढतो. खाली उतरणाऱ्या पाइपमध्ये हवा शिरते, पाइप पुरता भरत नाही, आणि मीटर त्या रिकाम्या जागेचंही दूध मोजतो.

पहिल्याच दिवशी उत्तमसिंगने पाइपला कान लावला होता.

"रत्नपालसायब, हितं दूध गुळगुळ करून राहिलं. भरून येत न्हाई पाइप."

"मामा, हे मशीन आहे. तुमची कांडी नाही," मी म्हणालो. केंद्रावरची पोरं हसली. तोही हसला.

पिशवी तपासल्यावर त्याला घरी बसवलं. माणिकरावांनी सरळ अर्थ लावला होता: लोकांचं दूध घेताना कमी मापायचं आणि वरचे साठ लिटर टाकीतून काढून घ्यायचे. ही गोष्ट संध्याकाळच्या आत त्याच्या बंजारा तांड्यावर पोचली.

तिसऱ्या दिवशी पंप चालू असताना मीच पाइपला कान लावला. मग चौदावं पान पुन्हा उघडलं. त्यानंतर नऊ दिवस मी कोणाला काहीही बोललो नाही. कायम केल्याचं पत्र त्या आठवड्यात येणार होतं. ते आठव्या दिवशी आलं. ते खिशात ठेवून मी बाराव्या दिवशी माणिकरावांकडे गेलो आणि चौदावं पान दाखवलं.

"मशीन बिघडलं व्हतं म्हना," ते म्हणाले. "तुमचं बी निभंल, माझं बी. अन् त्याला सांगा, उद्या ये कामावर."

मी सायकल घेऊन तांड्यावर गेलो. उत्तमसिंग अंगणात दावं वळत होता. मी सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"तुमाला कवा कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"आन् आज?"

"बारावा."

त्याची बायको जमनाबाई दारात उभ्या होत्या. "नऊ दीस," त्या म्हणाल्या. "नऊ दीस मी हापशावर गेले न्हाई, पोरा. बाया म्हनतात, तुजा नवरा आमच्याच लेकरांचं दूध कमी मापत व्हता."

"मामा, साहेबांनी कामावर बोलावलंय."

"सायबाचं मला काय सांगता?" उत्तमसिंगने दाव्याला गाठ मारली. "सायब बदलीवर जातो. मला हितं मरायचं हाय. माज्या तांड्याला दावा. नायकाला घेऊन येतो, त्याच्या मापानं मोजून दावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्याचे प्रमुख थावरा नायक तिथल्या अकरा माणसांना घेऊन केंद्रावर आले. बरोबर घरचं एक लिटरचं पितळी माप. माणिकरावांनी खुर्ची पुढे केली. नायक ओट्यावरच बसले, तसे सगळे बसले. उत्तमसिंग समोर उभा राहिला. आळ आलेल्या माणसाने निवाडा होईपर्यंत उभं राहायचं, अशी त्यांची रीत.

"काय रं सायब, मशीन बिघडलं व्हतं का?" नायकांनी मला विचारलं.

माणिकराव माझ्याकडे बघत होते.

"नाही. मशीन चांगलं आहे. मी चुकीच्या जागी बसवलं."

"कोनी सांगितलं न्हवतं का तुमाला?"

"मामांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मंग तुमी बी उबे ऱ्हा. त्याच्या बाजूला."

मी उत्तमसिंगच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो जरा सरकला, मला जागा दिली.

एक कॅन नायकांनी आपल्या मापाने भरला. चाळीस मापं बसली. तशा पाच कॅनांचं पाणी, दोनशे लिटर. आधी पाइप धुऊन ओला केला, मीटर शून्यावर आणला. पाणी वर चढलं, उतरताना गुळगुळ वाजलं. ओट्यावरच्या सगळ्यांना ते ऐकू आलं. मीटरवर आकडा थांबला: २०६.३.

"सा लिटर कुठून आले?" एक म्हातारी म्हणाली. "हिरीतून चोरले का उत्तमनं?"

कोणीतरी हसलं. नायक हसले नाहीत. "उत्तम," ते म्हणाले, "बस."

उत्तमसिंग खाली बसला. बसताना गुडघ्यावर हात दाबून धरला.

मला कोणी बस म्हणालं नाही. मी दोन्ही क्लॅम्प सोडवले, मीटर काढला, यंत्राच्या मागे वाकून चढत्या पाइपवर बसवला. खाली दहा इंच सरळ पाइप राहील असं पट्टीने मोजून घेतलं. जोडात नवीन रबरी गॅस्केट टाकली, ती कडेने आत डोकावत नाही ना हे बोट फिरवून पाहिलं. दोनदा.

नायकांनी पाच कॅन पुन्हा भरायला लावले. पाइप भरून घेतला. मीटर शून्यावर आणून मी पंप चालू केला. आवाज आला नाही. शेवटचा कॅन रिकामा झाला तेव्हा मी आकडा मोठ्याने वाचला, मग बाजूला झालो. ओट्यावरून एकेक जण येऊन, वाकून, स्वतः वाचून गेला.

२००.१ लिटर.