दोन डावांमधली शाल

सामन्याआधी कोणाचा चहा घ्यायचा नाही, हा आमच्या ह्यांचा नियम. सगळं धुळं ह्यांना नाना म्हणतं. चाळीस वर्षं हे क्रिकेटच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभे राहिले, पण प्यायचं पाणीसुद्धा घरून न्यायचे. तेव्हा मैदानावर मॅटिंग अंथरलेलं असायचं आणि ह्यांचा पांढरा कोट मी नीळ घालून धुवायची. एकदा ह्यांनी एका गिरणीमालकाच्या मुलाला पायचीत दिलं, तर लोकांनी आमच्या खिडकीची काच फोडली. संध्याकाळी तोच मुलगा दारात उभा. "नाना, काच मी बसवून देतो. आउटच होतो मी."

अशी भांडणं होती, आणि असा मान होता.

गेल्या वर्षी देवपुरात धुळे विरुद्ध जळगाव असा अंतिम सामना ठरला. ह्यांना त्यात उभं राहायचं होतं, एकदाच, शेवटचं. स्पर्धा भरवणारा चंदन पेढे घेऊन घरी आला, तेव्हा ह्यांना वाटलं, त्यासाठीच आला.

"नाना, फायनलला तुमचा सत्कार करायचाय."

"आणि अंपायर कोण?"

"आहेत ना पोरं. तुम्ही मस्त खुर्चीत बसा. आयुष्यभर ऊनच खाल्लंत."

मी आतून म्हटलं, "त्यांना ऊनच हवंय, चंदनभाऊ."

तो नुसता हसला. त्याचा पुतण्या पियुष धुळ्याच्या संघात होता, आणि ठरवलेला अंपायर चंदनच्याच पेट्रोल पंपावर कामाला. मला कळायचं ते कळलं. ह्यांनाही कळलं असणार. तरी सामन्याच्या दिवशी ह्यांनी पांढरी पँट घातली. "एखादा आला नाही तर लागेल," म्हणाले.

सगळे आले. जळगावचा डाव संपला आणि मंडपात सत्काराची गडबड सुरू झाली.

"सामना संपू दे, मग घाला शाल," हे म्हणाले.

"पाहुण्यांना पुढे दोंडाईचाला जायचंय नाना," म्हणत चंदनने माईकवर नाव पुकारलंसुद्धा. एवढ्या लोकांसमोर ह्यांना नाही म्हणता आलं नाही. शाल खांद्यावर पडली.

धुळ्याचा डाव शेवटी पियुषवर येऊन अडला. तो गेला की सामना जळगावचा. चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन थेट यष्टिरक्षकाच्या हातात गेला. मंडपात मलासुद्धा आवाज आला. अंपायरने नाबाद म्हणून मान हलवली. जळगावचा कप्तान अल्तमश धावत आमच्यापाशी आला.

"नाना, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य."

हे खुर्चीतून उठले. "बाळा, तिथे जो उभा आहे त्याला विचार. खुर्चीवरून निर्णय देत नसतात."

चंदनने लगेच माईक तोंडाशी धरला. "ऐकलं का? नानांनीपण सांगितलं, निर्णय बरोबर!"

"मी असं म्हटलं नाही," हे म्हणाले. पण माईक चंदनच्या हातात होता.

अल्तमशने शालीकडे पाहिलं. "गरम आहे ना, नाना?" एवढं बोलून तो परत फिरला. मागून कोणीतरी ओरडलं, "नाना बी इकाई ग्या रे भो!" नानाही विकले गेले, म्हणून हशा पिकला. हसणारे आमच्याच धुळ्याचे होते. सामना जिंकत होते, तरी ह्यांनाच हसत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "लागला होता ना बॅटला?"

"लागला होता."

"मग तेवढं म्हणायला काय झालं होतं?"

"मी बाहेर बसून बोललो, तर उद्या प्रत्येक मंडपातून एक अंपायर उठेल."

बरोबरच होतं ते. मला त्या बरोबरपणाचाच राग आला.

नंतर पांझरेच्या पुलाजवळच्या टपरीवर लोक ह्यांना हाका मारू लागले, "या नाना, चहा घ्या. आता चालतो ना तुम्हाला?" पूर्वी हीच माणसं ह्यांना पाहून बाकावर जागा करून द्यायची. ह्यांनी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

यंदा चंदन पुन्हा आला. "नाना, फायनलला तुम्हीच उभे राहा. आता तुम्ही आपलेच."

गेल्या वर्षी ज्याची वाट पाहिली, ते आता असं दारात आलं होतं.

"पियुष खेळतोय?" ह्यांनी विचारलं.

"खेळतोय की!"

"त्याला बाद दिलं, तर लोक म्हणतील, या वेळी शाल मिळाली नाही. नाबाद दिलं, तर म्हणतील, गेल्या वर्षीची फेडली. चंदन, मी खरं सांगतोय असं समोरच्याला वाटलं, तरच माझं बोट वर करण्याला अर्थ. आता ते कोणाला वाटणार?"

"लोकांचं काय घेऊन बसलात? लोक विसरतात."

"विसरले ना," हे म्हणाले. "चाळीस वर्षं एका दुपारीत विसरले."

चंदनने घड्याळ पाहिलं, मला नमस्कार केला. फाटकाबाहेर पडायच्या आतच तो फोनवर दुसऱ्या कोणाला तरी विचारत होता, "रविवारी मोकळा आहेस का?"